डाय आपल्या शेडमध्ये, पाटी त्यांच्या नावाची

भोसरीच्या एमआयडीसीत प्रेशर डाय कास्टिंगच्या कोणत्याही शेडमध्ये शिरलात तर भिंतीला लागून तेल लावून ठेवलेल्या डाय, म्हणजे पार्ट ओतायचे पोलादी साचे, दिसतील. प्रत्येकीवर एक छोटी पाटी ठोकलेली असते: टूल नंबर, पार्ट नंबर आणि 'अमुक कंपनीची मालमत्ता'. जिच्यासाठी शेडची जागा जाते, जिचे इजेक्टर पिन आपली माणसं बदलतात, रात्रपाळीत जी तापून कास्टिंग धरून बसते, ती डाय आपली नसते. पाटीशी माझं भांडण नाही. डायचे पैसे ग्राहकाने दिलेले असतात (पूर्ण दिलेत का, ते पुढे बघू), तेव्हा नावही त्याचंच लागणार. पण डायमध्ये पोलादाबरोबर जे डोकं घातलेलं असतं, त्याची पाटी कुठेच नसते.

नवा पार्ट घडतो कसा, हे बाहेरच्या माणसाला फारसं ठाऊक नसतं. मोठी कंपनी ड्रॉइंग देते, छोटा कारखाना तसा पार्ट करून देतो, इतकंच चित्र डोळ्यांपुढे असतं. प्रत्यक्षात पहिलं ड्रॉइंग म्हणजे बऱ्याचदा एक इच्छा असते. कंपनीच्या डिझाइनवाल्याने स्क्रीनवर सुंदर आकार काढलेला असतो आणि व्हेंडरचा, म्हणजे पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कारखान्याचा, डाय घडवणारा टूल रूमवाला तो बघून म्हणतो, इथे भिंत एकदम जाड झालीय, पोरॉसिटी येणार, आत पोकळ्या राहणार. इथे ड्राफ्ट (सुटण्यापुरता उतार) नाही, पार्ट डायमधून सुटायचा नाही. हा रेडियस वाढवा, ही रिब इकडे घ्या. मीटिंगा होतात, मॉडेल बदलतं. टी-झिरो, म्हणजे डायची पहिली ट्रायल होते, पार्ट फसतो. गेट (धातू आत शिरायची वाट) हलवतात, ओव्हरफ्लो वाढवतात, पुन्हा ट्रायल. कधी चार महिने जातात, कधी आठ. शेवटी नमुने पास होतात, पीपीएपीच्या, म्हणजे उत्पादनाला मंजुरी देणाऱ्या, कागदांवर सह्या होतात आणि ड्रॉइंगवर नवी रिव्हिजन चढते. रिव्हिजनच्या तक्त्यात काय बदललं, कोणत्या तारखेला, कोणी मंजूर केलं, हे सगळं असतं. सुचवलं कोणी, याला रकाना नसतो.

मग तेच सुधारलेलं ड्रॉइंग दुसऱ्या व्हेंडरकडे कोटेशनला जातं.

तो दुसरा अर्थातच कमी रेट देतो. त्याला द्यायला परवडतं, कारण त्याच्या हिशेबात सहा महिन्यांच्या ट्रायल नाहीत, भंगारात गेलेलं अॅल्युमिनियम नाही, रविवारी बोलावलेला प्रोग्रामर नाही. परचेसवाला तो रेट घेऊन पहिल्याकडे येतो आणि म्हणतो, मॅच करता का बघा. यात बेकायदा काही नाही. परचेसवाला दुष्टही नसतो. त्यालाही त्याच्या वरच्याने आकडा दिलेला असतो. भागीदारी म्हणून सुरू झालेल्या कामाचा शेवट रेटच्या फोनवर होतो, आणि आपल्याकडे हा इतका सरावाचा मामला आहे की त्यात खटकण्यासारखं काही आहे, असंही कोणाला वाटत नाही. व्हेंडर मीटमध्ये मिळालेली 'बेस्ट सप्लायर पार्टनर'ची ट्रॉफी केबिनच्या काचेच्या कपाटात उभी असते, आणि तो फोन त्याच केबिनमध्ये येतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड एमर्सन यांनी १९६२ मध्ये सत्तेची एक व्याख्या मांडली होती. ती इतकी साधी की वाचून वाटतं, हे तर आपल्याला ठाऊकच होतं. 'अ'ची 'ब'वर सत्ता किती? 'ब' जितका 'अ'वर अवलंबून आहे तितकी. अवलंबन कशावर ठरतं? 'ब'ला हवी असलेली गोष्ट त्याला किती हवी आहे आणि ती दुसरीकडे मिळते का, यावर. सत्ता माणसाच्या स्वभावात किंवा कंपनीच्या आकारात नसते, दोघांच्या संबंधात असते. आता ही व्याख्या घेऊन त्या शेडमध्ये परत या. काम सुरू होण्याआधी दोघं जवळपास बरोबरीचे असतात: कंपनीला चांगला टूल रूमवाला हवा असतो, टूल रूमवाल्यापुढे आणखी दोन चौकशा असतात. सह्या झाल्या, नवं मशीन घेतलं, बँकेचा हप्ता सुरू झाला, फिक्स्चर आणि गेज त्या एकाच पार्टच्या मापाचे झाले, की टूल रूमवाल्याचे पर्याय मिटतात. कंपनीचं नेमकं उलटं होतं. ट्रायलगणिक तिला पार्ट कसा करायचा ते कळत जातं आणि ते ज्ञान ड्रॉइंगवर उतरून कोणालाही देण्याजोगं होतं. म्हणजे आपण जितकं चांगलं काम करतो तितकी आपली गरज कमी होत जाते. उलाढालीचा निम्म्याहून जास्त भाग एकाच ग्राहकाकडून येतो असे कारखाने पिंपरी-चिंचवड पट्ट्यात शोधत फिरावं लागत नाही. त्यांना 'नाही म्हणायचं होतं' असं सांगणं सोपं आहे.

ही शिडी वरपर्यंत जाते. आज भोसरीतल्या व्हेंडरला जे मोठे वाटतात, तेही एके काळी कोणावर तरी अवलंबून होते. पुण्यात राहणाऱ्याला यासाठी पुस्तक उघडायला नको. १९८४ मध्ये किनेटिक आणि होंडा एकत्र आले. बटण दाबून चालू होणारी, गिअर नसलेली स्कूटर त्यांनी देशभर पोचवली. १९९८ मध्ये होंडा त्यातून बाहेर पडली, १९९९ मध्ये तिने भारतात स्वतःची दुचाकी कंपनी काढली आणि अॅक्टिव्हाचा जमाना सुरू झाला. किनेटिकचा दुचाकी व्यवसाय २००८ मध्ये महिंद्रकडे गेला. हिरो होंडाचीही सुरुवात १९८४ चीच. ती जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली, पण इंजिन जपानहून आलेल्या ज्ञानावर चालत होतं आणि निर्यात कुठे करायची यावर बंधनं होती. डिसेंबर २०१० मध्ये फारकत ठरली. तेव्हा हिरोकडे कारखाने होते, डीलर होते, देशभर नाव होतं. स्वतःचं इंजिन घडवणारी फळी तिला त्यानंतर उभी करावी लागली. जयपूरजवळचं तिचं संशोधन केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं.

बजाजची गोष्ट वेगळी वळते, आणि मला ती जास्त शिकवणारी वाटते. सुरुवात त्यांचीही परवान्यावरच झाली. पिआजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होते, तो करार १९७१ मध्ये संपला आणि चेतक आली. ऐंशीच्या दशकात कावासाकीशी तांत्रिक सहकार्य सुरू झालं. ते चालू असतानाच आकुर्डीत स्वतःचा संशोधन विभाग वाढवत नेला आणि २००१ मध्ये पल्सर आणली. तीत बाहेरच्या डिझाइनवाल्यांची मदत होती, पण गाडी कोणाची हा प्रश्न उरला नव्हता. २००७ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के भाग घेतला. छोट्या ड्यूक गाड्या दोघांनी मिळून घडवल्या, त्या चाकणमध्ये बनू लागल्या आणि तिथून युरोपात जाऊ लागल्या. त्या वेळी कोणी विचारलं असतं की या जोडीत मोठा कोण, तर बहुतेकांनी केटीएमचंच नाव घेतलं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमवर दिवाळखोरीच्या कारवाईची वेळ आली. २०२५ मध्ये बजाजने ८० कोटी युरो उभे केले आणि कंपनीचा ताबा घेतला. साडेचौदा टक्क्यांच्या कागदावर या शेवटाचा पत्ता नव्हता. तो होता चाकणच्या लाइनवर: छोट्या गाड्या स्वस्तात आणि नीट बनवण्यासाठी केटीएमला चाकण हवं होतं, आणि बजाजकडे केटीएमवाचूनही पोट भरण्यापुरती स्वतःची गाडी होती.

यावरून लगेच 'स्वावलंबी व्हा' असा उपदेश निघतो, आणि तो मला अर्धवट वाटतो. बजाजकडे तीस वर्षं थांबायला भांडवल होतं. चार मशीनवाल्याने स्वतःचा संशोधन विभाग काढावा असं सांगणं म्हणजे भाडेकरूला घरमालकाच्या जाचावर उपाय म्हणून बंगला बांधायला सांगणं. त्याला आधी कायदा लागतो. आणि आपला कायदा चुकीच्या ठिकाणी पाहतो, असं माझं म्हणणं आहे.

२००६ चा एमएसएमईडी कायदा घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करायचं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. कायदा चांगला आहे. तो वापरला कोणी? ग्राहकावर व्याजाचा दावा लावणारा व्हेंडर पुढच्या आरएफक्यूत, म्हणजे कोटेशन मागवण्याच्या यादीत, दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सरकारने आयकर कायद्याच्या ४३ बी कलमात नवं पोटकलम घातलं. एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं: वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरायचा नाही. ही चाल मला हुशारीची वाटते, कारण इथे व्हेंडरला तक्रार करावी लागत नाही. ग्राहकाचा सीए स्वतःच ग्राहकाला आठवण करून देतो. पण दोन्ही तरतुदी बिलापासून सुरू होतात. माल स्वीकारला, दिवस मोजायला लागा. मी ज्या सहा महिन्यांबद्दल बोलतोय त्यांत बिलच नसतं. नमुने 'नो चार्ज' चलनावर जातात. ट्रायलचा खर्च 'डेव्हलपमेंट' या शब्दाखाली व्हेंडरच्याच वहीत बसतो. डायच्या किमतीतला काही भाग आगाऊ आणि बाकीचा प्रत्येक नगामागे थोडाथोडा वसूल करायचा असं ठरतं, आणि मॉडेल चाललं नाही की ते नग कधी निघतच नाहीत. बिलच नसेल तर उशीर कशाचा आणि व्याज कशावर?

पेटंटचा कायदा तरी या डोक्याची कदर करेल, असं वाटेल. कोणी कधी हिय्या करून म्हणतो, या सुधारणेचं पेटंट दोघांच्या नावाने घेऊ. ऐकायला किती बरोबरीचं! १९७० च्या पेटंट कायद्याचं ५० वं कलम वाचलं की बरोबरी विरघळते. वेगळा करार केला नसेल तर प्रत्येक सहमालक ते पेटंट स्वतःच्या फायद्यासाठी वापरू शकतो, दुसऱ्याला हिशेब न देता. मात्र तिसऱ्याला परवाना द्यायचा किंवा आपला वाटा विकायचा, तर दुसऱ्याची संमती लागते. ज्याच्याकडे गाड्यांची लाइन आहे तो वापरेल. ज्याच्याकडे फक्त कल्पना आणि दोन मशीन आहेत, त्याला ती दुसऱ्या ग्राहकाला द्यायला पहिल्याची परवानगी मागावी लागेल. 'संयुक्त' हा शब्द दिसला की छोट्याने सही करण्याआधी थांबावं, ते यासाठी.

स्पर्धा कायदा? २००२ च्या त्या कायद्यात प्रबळ स्थानाचा गैरवापर बसतो, पण ते प्राबल्य बाजारात असावं लागतं. एखादी कंपनी देशाच्या बाजारात प्रबळ नसेल आणि तरी तुमच्या कारखान्यावर तिची हुकमत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. आर्थिक अवलंबन ही कल्पनाच आपल्या कायद्यात नाही. जर्मनीत ती आहे, फ्रान्समध्ये आहे, जपानमध्ये वरचढ स्थानाचा गैरवापर म्हणून आहे. आणि गंमत बघा: चार व्हेंडरांनी एकत्र बसून अमुक रेटखाली जायचं नाही असं ठरवलं, तर ते मात्र थेट या कायद्याच्या कचाट्यात येतात.

या बाबतीत मला दक्षिण कोरियाचं उदाहरण सर्वांत कामाचं वाटतं. तिथलं औद्योगिक जगही आपल्यासारखंच: वर काही बलाढ्य घराणी, खाली पुरवठादारांच्या उतरंडी. त्यांच्या उपकंत्राट कायद्यात पुरवठादाराकडे तांत्रिक माहिती मागण्यावरच बंधन आहे. रास्त कारण हवं, आणि काय मागितलं, कशासाठी मागितलं हे लेखी द्यायला हवं. त्या माहितीचा गैरवापर झाला तर नुकसानीच्या काही पट भरपाई. आधी तिप्पट होती, २०२४ मध्ये ती पाचपटीपर्यंत नेली. २०२० मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने ह्युंदाई हेवी इंडस्ट्रीजला ९७ कोटी वॉनचा दंड केला. प्रकरण थोडक्यात असं: जहाजाच्या इंजिनासाठी पिस्टन बनवणाऱ्या पुरवठादाराकडून तांत्रिक कागद घेतले, ते दुसऱ्या पुरवठादाराला दिले, मग पहिल्याचा रेट पाडला आणि शेवटी त्याच्याकडून घेणंच थांबवलं. भोसरीत हे वाचून दाखवलं तर लोक विचारतील, यात बातमी काय आहे? जपाननेही गेल्या काही वर्षांत डायकडे लक्ष वळवलं. २०२४ मध्ये तिथल्या आयोगाने टोयोटाच्या एका उपकंपनीला पुरवठादारांकडे फुकटात साचे ठेवून घ्यायला लावल्याबद्दल दोषी धरलं. आपल्याकडे बंद झालेल्या मॉडेलच्या डाय स्पेअर पार्टच्या नावाखाली वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून असतात आणि शेडचं भाडं व्हेंडर भरतो.

आता दुसरी बाजू. मोठ्या कंपनीच्या माणसाने हे वाचलं तर तो म्हणेल, पार्ट तुटला तर गाडी परत कोण बोलावणार? वॉरंटी कोणाच्या नावावर? त्याचं बरोबर आहे. आणि एकाच व्हेंडरवर विसंबणं किती महागात पडतं, याचाही दाखला आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या कारिया इथे आयसिनच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तिथूनच मिळत होता, साठा काही तासांचा, आणि टोयोटाच्या बहुतेक लाइन बंद पडल्या. अडला हरी म्हणतात तो असा. दुसरा सोर्स ठेवणं हा म्हणूनच अन्याय नाही, ती कंपनीची गरज आहे. पण त्या आगीची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय ही थांबवू नये. आयसिनने आपली ड्रॉइंग इतरांना खुली केली आणि दोनेकशे कंपन्या, त्यातल्या कित्येकांनी असला व्हॉल्व्ह कधी केलेला नव्हता, रेट न ठरवता, करार न करता कामाला लागल्या. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. पैशाचं नंतर बघू, टोयोटा बुडवणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि टोयोटाने नंतर ते भरूनही दिलं. उद्या चाकणमध्ये अशी आग लागली तर किती व्हेंडर पीओशिवाय (लेखी खरेदी ऑर्डरशिवाय) मशीन चालू करतील, हे कंपन्यांनी स्वतःच्या मनाशी तपासून बघावं.

जपानी वाहन उद्योगात ड्रॉइंगचे दोन प्रकार मानतात. एक, कंपनीने काढून दिलेलं. दुसरं, पुरवठादाराने काढलेलं आणि कंपनीने फक्त मंजूर केलेलं. दुसऱ्या प्रकारात डिझाइनची जबाबदारी पुरवठादारावर येते, पण त्याबरोबर त्याचं स्थानही पक्कं होतं. आपल्याकडे काम दुसऱ्या प्रकारचं करून घेतात आणि कागद पहिल्या प्रकारचा बनवतात. दोष आला की मात्र डिझाइन कोणी सुचवलं ते लगेच आठवतं आणि पैसे कापल्याची डेबिट नोट येते. माझा सगळा आक्षेप या एका हातचलाखीवर आहे.

आपल्या लोकांना मी यातून सोडणार नाही. सूचना फोनवर द्यायची, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचा, 'साहेब आपले घरचेच आहेत' म्हणायचं आणि लेखी काही ठेवायचं नाही, ही सवय आपली आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यापासून चाकणच्या प्रेसशॉपवाल्यापर्यंत सगळीकडे तीच. शिवाय दुसऱ्याने घाम गाळून सुधारलेलं ड्रॉइंग आपल्याकडे कोटेशनला येतं, तेव्हा आपणही 'हे कोणाचं?' असं विचारत नाही. उत्साहाने दहा टक्के कमी रेट टाकतो.

मला कायद्यात काय हवं ते मोजकं आहे. डेव्हलपमेंटचं काम ही वेगळी सेवा मानावी, तिची पीओ वेगळी निघावी, म्हणजे ४५ दिवसांचं घड्याळ तिलाही लागू होईल. व्हेंडरची सुधारणा असलेलं ड्रॉइंग दुसऱ्याकडे द्यायचं तर जरूर द्या, पण लेखी कळवून, आणि सुरुवातीच्या काही नगांची हमी पहिल्याला देऊन किंवा त्याच्या ट्रायलचा खर्च भरून. मॉडेल बंद झाल्यावर डाय ठरावीक मुदतीत उचला, नाहीतर भाडं द्या. आणि स्पर्धा कायद्यात आर्थिक अवलंबनाची व्याख्या यावी. यामुळे पार्ट महागतील अशी ओरड होईल. थोडे महागतीलही. सध्या ते स्वस्त दिसतात, कारण त्यांच्या किमतीचा एक तुकडा दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला असतो.

कायदा यायचा तेव्हा येईल. तोवर एक गोष्ट उद्या सकाळी करता येते आणि तिला वकील लागत नाही. टी-झिरोच्या आधीच्या मीटिंगनंतर त्याच दिवशी ईमेल टाकायची: आज आम्ही सुचवलेले बदल असे, ड्रॉइंगवर खुणा करून जोडले आहेत, कृपया पोच द्यावी. पोच बहुधा येणार नाही. तरी टाकायची, प्रत्येक ट्रायलला टाकायची. रेटचा फोन येईल तेव्हा ती फाइल टेबलावर असू दे, आणि बोलणं नगाच्या रेटवरून सुरू करण्याआधी सहा महिन्यांवरून सुरू करा.